'गाव कुठलं?' इथून सुरुवात करावी : ब्रिटिश माणसाची प्रादेशिक आणि राष्ट्रीय ओळख समजून घेताना

स्कॉटलंडमधल्या एडिंबराला शिकायला निघालेला मराठी मुलगा नातेवाइकांना 'मी इंग्लंडला चाललो' असेच सांगतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. आपल्या भाषेने 'इंग्रज' हा शब्द पिढ्यान् पिढ्या सरसकट वापरला आहे. शाळेच्या पुस्तकात भेटलेले इंग्रज आठवून पाहावेत : मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि माल्कम, साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ, विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन. हे चौघेही स्कॉटिश होते. साम्राज्याच्या कारभारात स्कॉटिश माणसांचा वाटा मोठा होता आणि 'ब्रिटिश' ही ओळख त्यांना सोयीची होती, कारण इंग्लिश न होताही तिच्यात सामील होता येत होते. ब्रिटनमध्ये शिकायला, नोकरीला किंवा कायमचे राहायला जाणाऱ्याने सर्वांत आधी ही गोष्ट मनात पक्की करावी. ब्रिटिश म्हणजे इंग्लिश नव्हे.

त्यासाठी थोडा इतिहास हाताशी हवा. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एक राज्य झाले, पण स्कॉटलंडचे कायदे, न्यायालये, चर्च आणि शिक्षणव्यवस्था वेगळीच राहिली. आजही तिथे फौजदारी खटल्यात पंधरा जणांची ज्यूरी बसते आणि पदवीचा अभ्यासक्रम सहसा चार वर्षांचा असतो. म्हणजे एका पार्लमेंटखाली येताना स्कॉटिश माणसाला आपले घर मोडावे लागले नाही. वेल्सचे तसे झाले नाही. आठव्या हेन्रीच्या काळात वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आणला गेला, आणि म्हणूनच १६०६ साली, इंग्लंड आणि स्कॉटलंड ही राज्ये वेगळी पण राजा एकच असताना, त्या दोघांचा संयुक्त ध्वज तयार झाला तेव्हा त्यात वेल्सचा लाल ड्रॅगन आला नाही. तो आजही नाही. १९९९ पासून स्कॉटलंडला स्वतःचे पार्लमेंट आणि वेल्सला स्वतःची विधानसभा मिळाली. इंग्लंडला मात्र स्वतंत्र विधिमंडळ नाही. त्यामुळे इंग्लिश माणसाला 'इंग्लिश' आणि 'ब्रिटिश' यांत फरक करण्याची गरज दीर्घकाळ भासली नाही, आणि ते दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवय आपल्याइतकीच त्यालाही लागली.

आता व्यवहाराकडे येऊ. अर्ज, पत्र किंवा ईमेल लिहिताना गावाच्या नावापुढे त्या देशाचे नाव अचूक लिहावे. ग्लासगोपुढे स्कॉटलंड, कार्डिफपुढे वेल्स. खात्री नसेल तर नुसते यूके लिहिले तरी चालते. कार्डिफच्या प्राध्यापकांना 'इंग्लंडमध्ये येऊन शिकण्याची माझी फार इच्छा आहे' असे लिहिलेले पत्र कदाचित सौजन्याने वाचले जाईल, पण कोठे जायचे आहे हेच या मुलाला ठाऊक नाही, अशी नोंद वाचणाऱ्याच्या मनात होईलच.

ओळख करून घेताना 'तुम्ही इंग्लिश की ब्रिटिश?' असा थेट प्रश्न विचारू नये. आपल्याकडचा जुना प्रश्न, 'गाव कुठलं?', तिथे अधिक कामाचा आहे, कारण ब्रिटिश माणसाची ओळख बहुधा गावापासून सुरू होते. न्यूकॅसलचा माणूस स्वतःला आधी जॉर्डी म्हणवतो आणि लिव्हरपूलचा स्काउस. दोघांची बोली दोन वाक्यांत ओळखू येते. बेकरीच्या काउंटरवर उभे राहिले तरी हे दिसते. आपण ज्याला बन म्हणू, त्याच गोल पावाला मँचेस्टरकडे 'बार्म', नॉटिंगहॅमकडे 'कॉब' आणि लीड्सकडे 'ब्रेडकेक' म्हणतात, आणि आपलाच शब्द बरोबर आहे असे प्रत्येकजण मनापासून सांगतो. अशा वेळी त्यांचा शब्द उचलावा. ओळख वाढवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.

प्रांताभिमान किती खोल असतो, याचे उदाहरण यॉर्कशरच्या क्रिकेटमध्ये आहे आणि त्यात आपलाही एक धागा गुंतलेला आहे. यॉर्कशरमध्ये जन्मलेल्यालाच यॉर्कशरकडून खेळता येईल, हा दंडक त्या काउंटीने पिढ्यान् पिढ्या पाळला. १९९२ साली तो सैल झाला आणि परदेशातून आलेला पहिला खेळाडू म्हणून एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ती जर्सी घातली. डोक्यावर यॉर्कशरची ओळख असलेली चपटी टोपी घातलेला त्याचा तेव्हाचा फोटो प्रसिद्ध आहे. 'आमच्यातला' ठरण्याची रीत त्या एका टोपीत दिसते : जन्म बाहेरचा, पण टोपी इथली. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलचा अभिमान तर प्रांतापुरताही थांबत नाही. काळ्यावर पांढरा क्रूस असलेला त्याचा स्वतंत्र ध्वज आहे, आणि २०१४ साली कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून सरकारी मान्यता मिळाली.

दोन ओळखी एकाच माणसात कशा नांदतात, हे पाहायचे असेल तर खेळाच्या मैदानावर पाहावे. १८७२ साली ग्लासगोला इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. तेव्हापासून फुटबॉलचे संघ वेगळे आहेत. ऑलिंपिकला मात्र तेच लोक एका ध्वजाखाली एकत्र येतात. रग्बीत आयर्लंडचा संघ यूकेचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र देश असलेले आयर्लंड, असा सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून असतो. क्रिकेटमध्ये वेल्सचा खेळाडू इंग्लंडच्या नावाने खेळतो. २००५ च्या ॲशेसमधला सायमन जोन्स वेल्सचा होता. म्हणून शनिवारी इंग्लंडविरुद्ध घसा फोडून ओरडणारा वेल्श सहकारी ऑलिंपिकमध्ये इंग्लिश धावपटूसाठी उभा राहून टाळ्या वाजवतो, तेव्हा त्याला 'मग तू नक्की कोणाच्या बाजूने?' असे विचारू नये. त्याच्या दृष्टीने यात विसंगती नाहीच. प्रसंग बदलला, म्हणून वर्तुळ मोठे झाले. इंग्लिश लोकांमध्येही हा बदल दिसला आहे. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडचे प्रेक्षक वेम्बलीवर संयुक्त ध्वज फडकवत होते. १९९६ च्या युरो स्पर्धेत त्याच मैदानावर इंग्लंडच्या स्वतःच्या ध्वजावरचा, सेंट जॉर्जचा लाल क्रूस जागोजागी दिसला.

मराठी माणसाची एक चूक ठरलेली असते. आपल्याकडे राज्य भाषेवर उभे राहिले, म्हणून वेल्श माणूस म्हणजे वेल्श बोलणारा असे आपण गृहीत धरतो. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५५ टक्के लोकांनी आपली ओळख 'फक्त वेल्श' अशी नोंदवली, तर वेल्श बोलू शकणारे १७.८ टक्के होते. भाषा येत नाही म्हणून वेल्शपण कमी होत नाही, पण भाषेविषयीची आस्था खरी आहे. २०११ च्या कायद्याने तिला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला आणि रस्त्यावर 'स्लो' या शब्दासोबत 'आराव्ह' हा वेल्श शब्दही रंगवलेला दिसतो. वेल्समध्ये राहणार असाल तर सकाळचा नमस्कार, 'बोरे दा', तेवढा शिकून घ्यावा.

आकडे वाचताना सावध राहावे. २०११ मध्ये इंग्लंड आणि वेल्स मिळून 'फक्त इंग्लिश' म्हणणारे ५७.७ टक्के होते, २०२१ मध्ये १४.९ टक्के उरले. दहा वर्षांत इतकी माणसे बदलली का? काही बदल खरा असेल, पण इंग्लंडच्या अर्जात 'ब्रिटिश' हा पर्याय यादीत सर्वांत वर आणला गेला होता, त्याचाही हा परिणाम आहे. वरच्या चौकटीवर टिचकी मारून पुढे जाणाऱ्याला दोन्ही शब्द मान्य असतात, हेच यातून कळते.

उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ऐकण्यावर भर द्यावा. तिथे हा प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता, त्यात माणसे मेली आहेत. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही मानण्याचा हक्क दिला. एकाच शहराला कोणी डेरी म्हणते, कोणी लंडनडेरी. समोरचा जे नाव घेईल तेच आपण घ्यावे.

'गाव कुठलं?' या प्रश्नालाही एक मर्यादा आहे. लेस्टरमध्ये जन्मलेल्या, आईवडील गुजराती असलेल्या मुलीने 'लेस्टर' असे उत्तर दिले की तिथेच थांबावे. 'पण मूळचे कुठले?' हा आपल्याकडे मायेने विचारला जाणारा प्रश्न तिने आयुष्यभर वेगळ्या सुरात ऐकलेला असतो, आणि तो आपल्यासारख्याच चेहऱ्याच्या माणसाकडून आला तर अधिक बोचतो.

कायमचे राहणाऱ्यांना पुढे स्वतःविषयीही हेच ठरवावे लागते. नागरिकत्व मिळते ते ब्रिटिश. पासपोर्टवर इंग्लिश किंवा स्कॉटिश नागरिक असे काही लिहिलेले नसते. जनगणनेच्या अर्जात मात्र राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नाला एकाहून अधिक खुणा करता येतात आणि स्वतःचा शब्दही लिहिता येतो. तो प्रश्न आला की पेन खाली ठेवून मुलांना हाक मारावी. ग्लासगोच्या शाळेत वाढलेली मुलगी स्वतःपुढे 'स्कॉटिश' अशी खूण करायला सांगेल, आई 'ब्रिटिश' म्हणेल, वडील 'भारतीय' असे लिहून घेतील. एकाच घराच्या अर्जात या तिन्ही उत्तरांना जागा आहे.