सुई पाहून भोवळ येत असेल तर: स्नायू ताणण्याचा सराव

भीती वाटली की अनुकंपी चेतासंस्था (संकटात शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्था) जागी होते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. रक्त किंवा सुई पाहून घेरी येणाऱ्यांचं मात्र वेगळं असतं. सुरुवातीला रक्तदाब चढतो, मग व्हेगस चेतेमुळे (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी, त्याची गती कमी करणारी नस) नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं. म्हणून इथे 'अंग सैल सोडा' हा नेहमीचा सल्ला उलटा पडतो! स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यासाठी नेमकी उलट पद्धत बसवली.

खुर्चीत बसा. हात, पाय, पोट एकदम आवळा. चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, साधारण १०-१५ सेकंद, ताण धरा. मग २०-३० सेकंद नेहमीसारखे बसा. पूर्ण ढिले पडू नका, नाहीतर रक्तदाब पुन्हा उतरतो. असं ५ वेळा. आठवडाभर रोज सराव करा, म्हणजे ऐन वेळी आठवावं लागत नाही.

बऱ्याच जणांचा श्वास नकळत रोखला जातो. तो चालू ठेवा. डोकं दुखू लागलं तर जोर कमी करा. सुई ज्या हातात टोचायची तो सैलच हवा; पाय आणि दुसरा हात पुरतो.

घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवे व्हा, पाय उंच ठेवा. घाईने उठू नका. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.