मऊ गाठीचं स्कॅन वाचताना लायपोमा म्हणायची घाई करू नका

मऊ गाठ म्हटलं की दहात नऊ वेळा मनात लायपोमाच (चरबीची साधी गाठ) येतो आणि दुर्मिळ सार्कोमा (मऊ ऊतींचा कॅन्सर) नेमका तिथेच सुटतो. गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी आहे, फॅशियाच्या (स्नायूंवरच्या पडद्याच्या) खाली खोल आहे किंवा वाढतेय, तर दुखत नसली तरी सोडायची नाही. सार्कोमा बऱ्याचदा दुखतच नाही, म्हणून तर पेशंट महिनोन्महिने घरी बसतो.

आधी सोनोग्राफी. छोटी, वरवरची, अगदी टिपिकल दिसली तर तिथेच थांबा, शंका असेल तर एमआरआय, आणि तो बायोप्सीच्या (सुईने तपासणीचा तुकडा काढण्याच्या) आधीच, कारण सुई गेली की आतल्या रक्ताने आणि सुजेने चित्र बिघडतं. साधा एक्स-रेही काढाच, बरेच जण विसरतात. फ्लेबोलिथ (शिरांतले कॅल्शियमचे छोटे खडे) दिसले तर रक्तवाहिन्यांची गाठ असण्याची शक्यता वाढते, मायोसायटिस ऑसिफिकन्समध्ये (स्नायूत हाड तयार होतं तो आजार) कॅल्शियम कडेकडेने असतं.

एमआरआयवर टी-वनला (ज्या चित्रात चरबी पांढरी दिसते) गाठ पांढरी असेल तर फॅट सप्रेशनचा (चरबी काळी करणारा) सिक्वेन्स बघा. सगळी काळी पडली तर फॅटच, पण आत २ मिमीपेक्षा जाड पडदे किंवा फॅट नसलेला भाग उरला तर लायपोसार्कोमाचा (चरबीच्या सार्कोमाचा) विचार हवाच. फॅट काळं झालं आणि गाठ पांढरीच राहिली तर आत रक्त असू शकतं.

खरी फसगत टी-टूवर (ज्या चित्रात पाणी पांढरं दिसतं) होते. पाण्यासारखी पांढरीशुभ्र गाठ बघून सिस्ट (पाण्याची पिशवी) लिहून मोकळं होऊ नका, मिक्सॉइड (जेलीसारखा) लायपोसार्कोमा आणि कधीकधी सायनोव्हियल सार्कोमाही हुबेहूब तसेच दिसतात. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, रक्तपुरवठा असलेला भाग उजळवणारं औषध) द्या, सिस्ट फक्त कडेने उजळते, ट्यूमर आतूनही उजळतो. उलट टी-टूवर काळी असेल तर डेस्मॉइड (तंतूंची गाठ) आठवा, सांध्याजवळ असेल तर टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर (सांध्याच्या आतल्या आवरणाची गाठ), त्यातल्या हिमोसिडरिनमुळे (जुन्या रक्तातल्या लोहामुळे) ग्रेडियंट इको सिक्वेन्सवर काळेपणा अजून पसरलेला दिसतो.

आणि मार लागल्याचं काही आठवत नसताना मांडीत 'हिमॅटोमा' (साकळलेलं रक्त) दिसला तर आत कुठे उजळणारा भाग आहे का ते नीट शोधा, रक्तस्राव झालेला सार्कोमा असाच दिसतो.

नाव नाही ठरलं तर रिपोर्टमध्ये सरळ लिहा की स्कॅनवरून सांगता येत नाही, बायोप्सी लागेल. त्यात कमीपणा नाही, ओढूनताणून दिलेल्या नावाने गाठ चुकीच्या पद्धतीने कापली जाते. सुई कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलून ठरवा, आणि नमुना उजळणाऱ्या भागातून घ्या, मधल्या मेलेल्या भागातून नको. सार्कोमा निघाला तर छातीचा सीटी, मिक्सॉइड लायपोसार्कोमा असेल तर मणक्याचा एमआरआयही.