कृत्रिम माशी कशी बांधावी: ट्राउट आणि ग्रेलिंगसाठी तीन माश्या

ट्राउट आणि ग्रेलिंग हे थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातले मासे. त्यांचं बरंचसं खाणं म्हणजे पाण्यात वाढणारे किडे: मेफ्लायची पिल्लं, कॅडिसच्या अळ्या, चिलटांचे कोष. हे किडे इतके नाजूक असतात की खरे धरून गळाला लावायला गेलं तर बोटांतच चिरडतात. म्हणून माणसाने पीस, लोकर आणि दोरा घेऊन गळावरच किडा घडवायला सुरुवात केली. या बनावट किड्यालाच माशी म्हणतात. सुमारे १८०० वर्षांपूर्वी रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या मच्छीमारांविषयी लिहून ठेवलं आहे की ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत. साहित्य आजही जवळजवळ तेच आहे.

नव्याने शिकणाऱ्याच्या माशीत सहसा काही कमी पडलेलं नसतं, जास्तच झालेलं असतं. दोऱ्याचे वळसे जास्त, लोकर जास्त, पीस जास्त. मेफ्लायचं पिल्लू पाण्यात काडीइतकं सडपातळ दिसतं आणि जाडजूड माशीकडे सावध मासा ढुंकूनही बघत नाही. खाली तीन माश्या दिल्या आहेत. प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच विचारा: यातला एखादा वळसा वगळता येईल का?

काय काय लागतं

गळ घट्ट धरणारा छोटा व्हाइस, दोऱ्याची रीळ अडकवायचा बॉबिन होल्डर, बारीक टोकाची धारदार कात्री, पीस पकडायचा छोटा चिमटा (याला हॅकल प्लायर म्हणतात), एक जाडसर सुई आणि पारदर्शक वॉर्निश. एवढ्यावर वर्षानुवर्षं काम चालतं. कात्री आणि व्हाइस घेताना मात्र पैशाला हात राखू नका. गळ निसटू देणारा व्हाइस शिकणाऱ्याचा सगळा उत्साह खाऊन टाकतो. तांब्याची तार कात्रीच्या टोकाने कधीही कापू नका, पात्यांच्या मुळाशी धरून कापा. टोक एकदा बोथट झालं की ती कात्री पिसांच्या कामाची राहत नाही.

गळाचा आकडा उलटा चालतो: आकडा मोठा तितका गळ छोटा. सुरुवात १४ नंबरने करावी. तो हाताला सांभाळता येतो आणि दोन्ही माशांना चालतो. ग्रेलिंगचं तोंड लहान आणि किंचित खालच्या बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे त्याच्यासाठी पुढे १६ आणि १८ वर जावं लागतं. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला बारीक तारेचा हलका गळ लागतो, बुडणाऱ्या माशीला जाड तारेचा.

गळ व्हाइसमध्ये लावण्याआधीच त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते, आणि गळ तुमच्या बोटात रुतला तरी सहज निघतो. काटा दाबताना गळ मोडलाच, तर माशी बांधून झाल्यावर मोडण्यापेक्षा आधी मोडलेला बरा.

पिसं आणि केस आणले की ते बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे. कसर लागलेलं एक पीस बाकीच्या सगळ्या साठ्याची नासाडी करू शकतं. रानपक्ष्यांच्या पिसांबाबत देशोदेशी वेगवेगळे कायदे आहेत, तेव्हा पाळलेल्या पक्ष्यांचीच पिसं घ्यावीत.

दोरा कसा धरायचा

गळाचा दांडा आडवा राहील असा त्याचा बाक व्हाइसमध्ये पकडा. नेढ्यावर बोटाने हलकेच दाबून बघा. गळ जागचा सरकता कामा नये.

बॉबिनच्या नळीतून साधारण चार-पाच सेंटिमीटर दोरा बाहेर असू द्या. जास्त सोडला तर वळसे हवे तिथे पडत नाहीत. दोऱ्याचं टोक डाव्या हातात ताणून धरा, नेढ्याच्या थोडं मागे दांड्यावर टेकवा आणि उजव्या हाताने आपल्यापासून दूर, वरून पलीकडे असे पाच-सहा वळसे त्याच टोकावर चढवा. टोक दाबलं गेलं की उरलेला भाग कापा. गाठ मारायची नाही. दोरा स्वतःलाच धरून ठेवतो. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट बाजूने करावं.

दोरा किती ताणायचा हे सांगून समजत नाही. रिकाम्या गळावर दोरा गुंडाळा आणि मुद्दाम तुटेपर्यंत ओढा. तीन-चारदा तोडला की हाताला सीमा कळते. त्या सीमेच्या किंचित अलीकडे राहून बांधलेली माशी माशाच्या दातांनाही पुरून उरते.

आणखी एक हातखंडा पुढे सतत लागेल. पीस किंवा लोकर दांड्याच्या बरोबर वर बांधायची असेल आणि तुम्ही सरळ वळसा आवळलात, तर ती दोऱ्याबरोबर फिरून पलीकडे जाते. म्हणून ती वस्तू डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दांड्यासकट चिमटीत धरा. दोरा त्या चिमटीतूनच सैल वर न्या, सैलच पलीकडे खाली सोडा, आणि मग दोरा सरळ खाली ओढा. चिमूट सोडायची ती दुसरा वळसाही असाच बसल्यावर. हा सैल वळसा जमला की निम्मी विद्या आली.

पहिली माशी: पार्ट्रिज अँड ऑरेंज

उत्तर इंग्लंडच्या खळाळत्या नद्यांवरची ही जुनी माशी. नारिंगी रेशीम आणि तित्तिराचं एक पीस, बस्स. शिकण्यासाठी याहून चांगली माशी मला ठाऊक नाही, कारण हिच्यात चूक झाकायला जागाच नाही.

१. १४ नंबरचा जाड तारेचा गळ लावा. नारिंगी रेशमी दोरा नेढ्यामागे सुरू करा. नेढ्यापाशी डोक्यासाठी दोन मिलिमीटरभर जागा आत्ताच मोकळी सोडा.

२. वळशाला वळसा चिकटवत मागे जा. एकावर एक नको, मध्ये फटही नको. गळाच्या टोकाच्या बरोबर वर आलात की थांबा. बाकापर्यंत जाऊ नका. धड आखूड असलं की माशी चपळ दिसते.

३. तसेच वळसे घालत पुढे परत या. धड झालं.

४. तित्तिराच्या पाठीवरचं तपकिरी ठिपक्यांचं पीस घ्या. त्याचे तंतू गळाच्या बाकापर्यंत पोचतील एवढेच लांब असावेत. मुळाशी असलेला मऊ कापूस ओरबाडून टाका. शेंड्याचे थोडे तंतू चिमटीत धरा आणि बाकीचे उलटे, मुळाकडे फिरवा.

५. शेंड्याकडून पीस बांधा, चमकदार बाजू नेढ्याकडे. बुडख्याकडून बांधलं तर जाड काडी बुडते आणि डोकं फुगतं. शेंडा बारीक असतो, म्हणून तो बरा.

६. बुडखा चिमट्यात धरून पिसाचे दीड, फार तर दोन वळसे घाला. हात इथेच आवरायचा. दहा-बारा तंतू दिसले की पुरे.

७. दोऱ्याचे दोन वळसे घालून पीस अडकवा, बुडखा कापा, तंतू मागे सारून लहानसं डोकं बांधा आणि शेवटची गाठ घाला.

शेवटच्या गाठीसाठी व्हिप फिनिश नावाचं हत्यार मिळतं, पण नव्याने शिकताना फाशाची युक्ती सोपी जाते. वेगळ्या दोऱ्याचा एक तुकडा दुमडून फास करा. त्याची बंद बाजू नेढ्याच्या पुढे येईल आणि दोन्ही टोकं मागे राहतील असा तो डोक्यावर ठेवा. मुख्य दोऱ्याचे पाच वळसे त्याच्यावर घाला. मुख्य दोरा दहा-बारा सेंटिमीटर लांब ठेवून कापा आणि टोक फाशातून ओवा. आता फासाची दोन्ही टोकं मागे ओढा. मुख्य दोरा पाच वळशांखालून ओढला जाऊन फास निघून येतो. दोरा आवळून कापा, सुईच्या टोकाने वॉर्निशचा एक थेंब द्या. वॉर्निश नेढ्यात गेलं असेल तर ते ओलं असतानाच एखादं टाकाऊ पीस नेढ्यातून ओढून घ्या. नदीकाठी, गारठलेल्या बोटांनी बुजलेलं नेढं उघडणं फार जिवावर येतं.

आता ही माशी पेल्यातल्या पाण्यात बुडवा आणि हलवा. कोरडी असताना ती केविलवाणी दिसली असेल. पाण्यात रेशीम गडद होतं, पिसाचे तंतू मागे मिटतात आणि पुन्हा उघडतात. माशाला दिसतं ते हे. माशी नेहमी ओली करून पारखावी.

दुसरी माशी: फेझंट टेल निम्फ

निम्फ म्हणजे किड्याचं पाण्यातलं पिल्लू, आणि फेझंट हा लांब शेपटीचा पक्षी. दक्षिण इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची ही माशी. नदीकाठी आयुष्य घालवलेल्या या माणसाने पाहिलं की पोहणारं मेफ्लायचं पिल्लू आपले पाय अंगाशी चिकटवून घेतं. म्हणून त्यांनी माशीला पायच दिले नाहीत. इतकंच नव्हे, दोराही काढून टाकला. केसासारखी बारीक तांब्याची तार बांधायचं काम करते, वजन देते आणि पिसांतून चमकतेसुद्धा. एकाच वस्तूकडून तीन कामं करून घेणारी ही माशी मला सगळ्यांत सुंदर वाटते.

तार बॉबिनवर घेऊन दांड्यावर एक थर द्या. मग नेढ्यालगतच्या एक तृतीयांश भागात तारेचे काही जास्तीचे थर देऊन छोटा उंचवटा करा. ही किड्याची छाती. तार मागे बाकापाशी आणा. नर फेझंटच्या शेपटीच्या मधल्या पिसातून तीन-चार तंतू, टोकं एका रेषेत ठेवून तोडा. टोकं बाकाच्या मागे साधारण तीन मिलिमीटर बाहेर येतील असे ते तारेने बांधा. ही शेपटी. लांब ठेवायचा मोह होईल, ठेवू नका.

आता तंतू आणि तार एकत्र पिळा आणि तो पीळ गुंडाळत नेढ्यापर्यंत या. पिळल्यामुळे तंतूंना तारेचं बळ मिळतं, नाहीतर पहिल्याच माशाच्या दातांनी ते तुटतात. नेढ्यापाशी तार आणि तंतू वेगळे करा. तार छातीच्या मागच्या टोकाशी न्या, तंतू छातीवरून मागे दुमडून तारेने बांधा. मग तार पुढे आणा, तंतूही पुढे दुमडून नेढ्यामागे बांधा. दोन थर पुरतात. उरलेले तंतू कापा, तारेच्या तीन-चार अडकगाठी मारा आणि तार मुळाशी तोडा.

ही माशी पाण्यात टाकताक्षणी बुडाली पाहिजे. पृष्ठभागावर क्षणभरही रेंगाळली तर पिसं जास्त झाली आहेत. नदीत मात्र तिला नुसती वाहू देऊ नका. माशाच्या पुढ्यात पोचली की काठी हळूच उचला. किडा पृष्ठभागाकडे निघाल्याचा भास होतो आणि बघत बसलेला ट्राउट तोंड उघडतो.

थंडीत ग्रेलिंग तळाशी उतरतो. ट्राउट शरद ऋतूत आणि हिवाळ्यात अंडी घालतो, त्यामुळे बऱ्याच नद्यांवर तेव्हा त्याची बंदी असते. ग्रेलिंग वसंतात घालतो, म्हणून हिवाळा हा त्याचा हंगाम. खोल, जोराच्या पाण्यात जायचं असेल तर याच माशीला डोक्याशी टंगस्टनचा मणी द्या. मणी गळ व्हाइसमध्ये लावण्यापूर्वी ओवायचा, बारीक भोक नेढ्याकडे.

तिसरी माशी: रेड टॅग

तांबड्या लोकरीचा झुबका, मोरपिसाचं धड, पुढे कोंबड्याचं तपकिरी पीस. इंग्लंडमधल्या वूस्टरशायरची ही माशी ग्रेलिंगची खास म्हणून ओळखली जाते, आणि ती कुठल्याच एका किड्यासारखी दिसत नाही. ग्रेलिंग लाल रंगावर का येतो याची खात्रीची कारणं शोधत बसण्यापेक्षा मी ती डबीत ठेवतो.

१४ किंवा १६ नंबरचा हलका गळ घ्या. तपकिरी दोरा बाकापर्यंत न्या, लोकरीचा तुकडा सैल वळशाने बांधा आणि दांड्याच्या पाव भागाएवढा ठेवून कापा. मोरपिसाचे तीन तंतू बुडख्याकडून नव्हे, टोकाकडून बांधा. टोकाचा अगदी नाजूक सेंटिमीटरभर भाग आधी तोडून टाका. हे तंतू ठिसूळ असतात, म्हणून ते दोऱ्याभोवती पिळून दोरीसारखे करा आणि मग गुंडाळा. पुढचा एक तृतीयांश भाग पिसासाठी मोकळा राहू द्या.

कोंबड्याच्या मानेचं पीस निवडताना ते वाकवून बघा. उभे राहिलेले तंतू गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतच्या अंतराच्या दीडपट असावेत. लांब झाले तर माशी पाण्यावर कलंडते. मुळाकडचे मऊ तंतू काढा, चमकदार बाजू पुढे ठेवून बांधा आणि तीन-चार वळसे घाला, प्रत्येक आधीच्याच्या पुढे. एकही तंतू दोऱ्याखाली अडकू देऊ नका. अडकलाच तर सुईने सोडवा. शेंडा बांधून कापा, डोकं, गाठ, वॉर्निश. पेल्यातल्या पाण्यावर वरून सोडली की ती पिसाच्या टोकांवर आणि शेपटीवर उभी राहिली पाहिजे.

एकाच बैठकीत तीन वेगवेगळ्या माश्या बांधू नका. एकाच नमुन्याच्या, एकाच आकाराच्या सहा बांधा आणि त्या ओळीने ठेवा. पहिलीत आणि सहावीत काय बदललं ते डोळ्यांना लगेच दिसतं: डोकं लहान झालेलं असतं, पिसाचा एक वळसा गळालेला असतो. पहिली टाकून देऊ नका, तीही मासा पकडते.

नदीवरून आल्यावर डबी उघडी ठेवून माश्या पूर्ण वाळू द्या, नाहीतर गळ गंजतात आणि गंज पिसांना लागतो. दबून चपट्या झालेल्या रेड टॅग चिमट्यात धरून उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही क्षण फिरवा. तंतू आपोआप ताठ होतात आणि माशी पुन्हा तरंगायला तयार होते.