समूहनृत्याच्या ओढण्या: हळदीपासून कुंकवापर्यंत

आठ जणींसाठी आठ ओढण्या रंगवायच्या, वरचा काठ हळदीचा पिवळा आणि खालचा कुंकवाचा लाल. अडीच मीटरची मलमलची ओढणी साधारण १८०–२०० ग्रॅम भरते, म्हणजे आठ मिळून दीड किलो. पुढची मापं याच वजनाला आहेत. तुमचं कापड तोलून घ्या.

आधी कापड सुतीच आहे ना, ते पाहा. एक धागा जाळा: कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टरवर हे रंग चढतच नाहीत. शिवलेल्या काठाचा दोराही पॉलिस्टरचा असेल, तर तो पांढराच राहील.

नव्या कापडाला खळ असते आणि खळीवर रंग ठिपक्यांत बसतो. म्हणून थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून अर्धा तास उकळा, स्वच्छ धुवा आणि ओलंच ठेवा.

रंग ‘कोल्ड’ प्रकारचे रिॲक्टिव्ह घ्या, म्हणजे न उकळता कोमट पाण्यातच सुती धाग्याशी जोडले जाणारे. पूड श्वासात जाऊ देऊ नका. मास्क आणि हातमोजे घालूनच डबा उघडा. ज्या भांड्यात रंग कालवाल ते परत स्वयंपाकाला नको.

पिवळा

३० लिटर पाणी, ३० ग्रॅम पिवळा रंग, दीड किलो खडे मीठ, ४५० ग्रॅम सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड). रंग थोड्या थंड पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवा, मग कोमट पाण्याने पातळ करून फडक्यातून गाळा. न विरघळलेला एक कण ओढणीवर भला मोठा डाग पाडतो. बोअरवेलच्या जड पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम कॅलगॉन (पाण्याचा जडपणा घालवणारी पूड) घाला.

ओढण्या बुडवून दहा मिनिटं हलवा. मीठ तीन हप्त्यांत, दर दहा मिनिटांनी. मग सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड बाजूला सारून ओता. थेट कापडावर पडला तर तिथे रंग गडद बसतो. पुढे तासभर, त्यातली पहिली वीस मिनिटं सतत हलवत. खाण्याचा सोडा इथे चालत नाही. स्फटिकांचा धुण्याचा सोडा मिळाला तर पावणेतीनपट घ्यावा लागतो, कारण त्यात पाण्याचं वजन असतं. नंतर थंड पाण्यात धुवा, गरम साबणाच्या पाण्यातून काढा आणि खळबळा.

लाल

ओल्या ओढण्या लिटरमागे २० ग्रॅम सोडा ॲशच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून पिळा. अरुंद, खोल ड्रममध्ये फूटभर खोली येईल इतकं, म्हणजे साधारण ४० लिटर पाणी, ४० ग्रॅम लाल रंग आणि दोन किलो मीठ घ्या. ओढण्यांचा पिवळा काठ एका बांबूला सैल चुण्यांनी, कपड्याच्या चिमट्यांनी अडकवा. आठही एकदमच. दोन खेपांत रंगवल्यात, तर दुसऱ्या खेपेचा लाल फिका पडून रंगमंचावर लगेच दिसतो.

दोघींनी बांबू धरून फूटभर बुडवा आणि दर पाच मिनिटांनी पाच सेंटिमीटर वर घ्या. मधल्या वेळात बांबू सारखा वर-खाली हलत राहिला पाहिजे. हात थांबला की तिथे आडवी रेघ उमटते. कापड कोरडं असेल तरी तीच रेघ. अर्ध्या तासाने बाहेर काढा, पिवळ्याला लाल लागू न देता प्लॅस्टिकवर पसरून गुंडाळा आणि रात्रभर ओलसर ठेवा. वाळलं की रंग बसणं थांबतं. सोडा पडलेला उरलेला रंग दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो, टाकून द्या.

धुणं

सगळी मेहनत इथेच वाया जाते. पिवळा भाग हातात वर धरून आधी लाल टोक वाहत्या थंड पाण्याखाली धुवा. मीठ आणि सोडा निघाल्यावर मगच उकळत्या साबणपाण्यात दहा मिनिटं, पाणी बदलून दोनदा किंवा तीनदा. शेवटचं पाणी नितळ आलं पाहिजे. नाहीतर घामाने तोच लाल पांढऱ्या चोळीवर उतरतो. सावलीत वाळवा.

छटा ठरवताना नमुना वाळवून, इस्त्री करून पाहा, ओला नेहमी गडद दिसतो. आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच विचारून ठेवा: निळ्या दिव्याखाली हा लाल जवळजवळ काळा दिसतो.