जुने रॅप व्हिडिओ बघायचे, तर पहिल्यांदा आवाज बंद

रॅपच्या चाहत्याला हे पाप वाटेल, पण शब्दांमागे धावलं की चित्र निसटतं. सुरुवात रन-डीएमसी या रॅप गटाच्या १९८६ च्या 'वॉक धिस वे'पासून करा. शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधे भिंत. इकडे रॅपर, तिकडे एरोस्मिथ हा रॉक बँड, आणि गोंगाटावरून दोघांची जुंपलेली. मग एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर माइकच्या स्टँडनं भिंत फोडतो. १९८१ साली सुरू झालेलं एमटीव्ही तेव्हा मुख्यतः रॉकचं चॅनेल. कृष्णवर्णीय कलाकारांना तिथं जेमतेम जागा. शिरायचं तर रॉकची गिटार सोबत हवी. रन-डीएमसीच्याच १९८४ च्या 'रॉक बॉक्स'मध्येही ती आहेच.

मग व्हिडिओ म्युझिक बॉक्सचे जुने भाग शोधा, आणि घाई करू नका. राल्फ मॅकडॅनियल्सनं हा कार्यक्रम १९८३ साली न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक चॅनेलवर सुरू केला. केबल नसलेल्या घरातही साध्या अँटेनावर तो दिसे. कॅमेरा हलतोय, उजेड बेताचा, पोरं घोळक्यानं लेन्ससमोर येऊन मित्रांची, वस्तीची नावं घेतायत. अशा वेळी गाणाऱ्याला सोडा, मागची माणसं बघा: जॅकेट, बूट, केशरचना. मला विचाराल तर एमटीव्हीचा सगळा झगमगाट यावरून ओवाळून टाकावा.

ऑगस्ट १९८८ मध्ये 'यो! एमटीव्ही रॅप्स' आला. सूत्रसंचालक फॅब फाइव्ह फ्रेडी स्टुडिओत बसून न राहता कलाकारांच्या वस्त्यांत जायचा. त्यामुळे तिथं कधी पाऊल न ठेवलेल्या उपनगरी पोरांनाही तो पेहराव, ती बोली घरबसल्या पाठ झाली. इथं मात्र आवाज लावा. गप्पा चुकवू नका.

दिग्दर्शक हाइप विल्यम्सच्या व्हिडिओंपर्यंत आलात की पुन्हा आवाज बंद. रॅपर मिसी एलियटच्या १९९७ च्या 'द रेन'मध्ये फिशआय, म्हणजे चित्र गोलसर फुगवणारी लेन्स चेहरा अंगावर आणते आणि हवा भरलेला काळा पोशाख अख्खी चौकट व्यापतो. वस्ती गायब, सेट हाच नायक.

शेवटी एखाद्या गाण्याची टीव्हीवरची आणि अल्बमवरची प्रत लागोपाठ लावा. कुठला शब्द गाळला, टोपीवरचा कुठला लोगो पुसट केला, ते टिपत जा. काही व्हिडिओंची तर टीव्हीची प्रत फारशी सापडायचीच नाही: एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' दाखवायला १९८९ मध्ये एमटीव्हीनं साफ नकार दिला होता.