रोजचे दोन तास खरंच बसता का? विपश्यनेचे कोर्सवर कोर्स करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

नमो बुद्धाय, जय भीम. मी हिंगोली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझी सुरुवात मित्र उपक्रमातून झाली, शाळेत पोरांकडून रोज १० मिनिटं आनापान (श्वासावर लक्ष ठेवणं) करून घ्यायचं होतं, मग वाटलं आधी आपण तर नीट बसून बघावं. विपश्यनेच्या पहिल्या दहा दिवसांच्या कोर्सबद्दल सगळीकडं लई लिहिलेलं आहे, चारची घंटा, आर्य मौन, मोबाइल जमा, संध्याकाळी पाचचा चहा अन् मुरमुरे, ते मी परत सांगत नाही. हे त्यांच्यासाठी लिहायलेय ज्यांचा एखाद-दुसरा कोर्स झालाय आणि आता आणखी खोल जायचंय, सतिपट्ठान (पुढच्या टप्प्याचा कोर्स) करायचं, वीस दिवसांचा करायचा असं ज्यांच्या डोक्यात बसलंय. माझ्याही बसलं होतं.

नियम थोडक्यात. सतिपट्ठान कोर्सला दहा दिवसांचे तीन कोर्स पूर्ण पाहिजेत, कमीत कमी वर्षभर हीच साधना चालू पाहिजे, रोज सकाळी एक तास संध्याकाळी एक तास, आणि पंचशील. वीस दिवसांसाठी दहा दिवसांचे पाच, एक सतिपट्ठान, एक पूर्ण कोर्स धम्मसेवा (कोर्सला बसलेल्यांची सेवा) आणि दोन वर्षांची रोजची साधना. लोक कोर्सचे आकडे पटापट मोजतात आणि 'रोज' हा शब्द वाचूनही पुढं जातात. मी तेच केलं.

माझा तिसरा कोर्स इगतपुरीला झाला, मेच्या सुट्टीत. सातव्या दिवशी दुपारी अडीचच्या सामूहिक साधनेत डोक्यापासून पायापर्यंत एकदम मोकळं झालं, गुडघा नाही, पाठ नाही, नुसती संवेदनांची बारीक बारीक धार वरून खाली वाहायली, हळदीच्या सरीत पाणी कसं कुठं न अडता जातं तसं. तास कधी संपला कळलं नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा बायका झाडाखाली बसून एकमेकींना विचारायल्या, तुम्हाला प्रवाह आला का, तुम्हाला कितव्या दिवशी आला. मी पण सांगितलं, आणि खरं सांगते, अभिमानानं सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या एका पोरीचा पहिलाच कोर्स होता, ती म्हणाली, "ताई, माझे तर दहा दिवस नुसते पाय दुखले." मी तिला म्हणाले, "येईल हळूहळू." ते वाक्य आजही आठवलं की जीव कसनुसा होतो, कारण मी तिला उलटं सांगितलं. येण्याची वाट बघायचीच नसते.

आता जरा सविस्तर सांगते, कारण याच खड्ड्यात माझी दोन वर्षं गेली.

त्या कोर्सनंतर घरी आले, चार-पाच दिवस छान बसले, मग एक दिवस बसले तर धार नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मग बसल्या बसल्या पहिलं काम हे की आज आहे का ते तपासायचं. मन अंगावरून फिरवत संवेदना बघायच्या असतात, तर गुडघ्यापाशी आलं की मन घाईघाईनं पुढं न्यायचं, कारण तिथं नुसता दगड, आणि हाताच्या तळव्यांवर गेलं की तिथंच रेंगाळायचं, कारण तिथं बरं वाटायचं. सिटिंग संपली की मनात मार्क द्यायचे, आजची चांगली, आजची वाया गेली. महिनाभरात तासाची पस्तीस मिनिटं झाली, मग वीस, मग संध्याकाळची बंद, आणि मनाची समजूत काय, तर घरी जमत नाही, घरी वातावरण नाही, आपण सरळ पुढचा कोर्स करू, तिथं येईल. हेच ते. याला मी साधना समजायले होते आणि ही निव्वळ हाव होती, फक्त पांढऱ्या आसनावर बसून केलेली.

प्रवचनात हे सांगितलेलं असतं, दर कोर्सला सांगतात, सुखद संवेदना आली तर तिला चिकटू नका, दुःखद आली तर ढकलू नका, संवेदना कोणती यावर काही नाही, समता म्हणजे मनाचा समतोल किती यावर सगळं आहे. मी ऐकत होते, मान डोलवत होते. पण ऐकलेलं आणि अंगात उतरलेलं यात लई अंतर असतं. पुढं मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं ४४ वं सुत्त वाचण्यात आलं, त्यात धम्मदिन्ना भिक्खुणी विशाखाला समजावते (तो तिचा आधीचा नवरा, आणि तो विचारतोय, ती उत्तर देते, मला हे फार आवडतं) की सुखद वेदनेच्या (म्हणजे संवेदनेच्या) खाली राग म्हणजे आसक्ती झोपलेली असते, दुःखद वेदनेखाली द्वेष, आणि ना सुखद ना दुःखद त्याच्याखाली अविद्या. मी ज्याला प्रगती म्हणत होते तीच तर आसक्तीला दूध पाजणं होतं. संवेदना मोकळी होती, मीच तिला बांधून ठेवायला निघाले होते.

चौथ्या कोर्सला मग जे व्हायचं तेच झालं. सहा दिवस नुसती वाट. अंग लाकडासारखं. अधिष्ठानाच्या (न हलता बसायच्या) तासाला दात-ओठ खाऊन बसायचे, हलले नाही म्हणजे जिंकले असं वाटायचं. सहाव्या दिवशी दुपारी बाराला टीचरकडं गेले आणि त्यांच्यासमोर रडूच आलं. त्यांनी एकच विचारलं, "घरी रोज किती बसता?" मी म्हणाले, दोन तास.

खोटं बोलले. आणि खोटं फक्त तिथंच नाही, त्याच्या दोन महिने आधी मी सतिपट्ठानचा फॉर्म भरला होता त्यातही रोज दोन तास लिहिलं होतं. कोर्समध्ये पहिल्या संध्याकाळी शील घेतलेलं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं, आणि मी बसून शांती शोधायलेय. त्या रात्री झोप आली नाही. शील हा पाया आहे हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याची किंमत वाटत नाही, पण खोट्यावर बसलेलं मन स्थिर होतच नाही, हे मी अंगानं भोगलंय. दुसऱ्या दिवशी परत गेले, खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग घरी जाऊन बसा. फॉर्म नंतर." लई कडू लागलं तेव्हा. फॉर्म मागं घेतला.

म्हणून स्पष्ट सांगते, रोजचं बसणं नसेल तर पुढच्या कोर्सचा फॉर्म भरू नका. तिथं कुणी तुमचं घर तपासायला येत नाही, सगळं तुमच्या शब्दावर चालतं, म्हणून तर खोटं लिहू नका. आणि घाबरू पण नका, वर्ष-दोन वर्ष बसणं तुटलं म्हणजे सगळं गेलं असं अजिबात नाही, कितीतरी जणांचं तुटतं. जवळच्या केंद्रावर एक दिवसाचा कोर्स करा, तीन दिवसांचा करा, तेही जुन्या साधकांसाठीच, म्हणजे दहा दिवसांचा कोर्स झालेल्यांसाठीच असतात. संभाजीनगरला धम्म अजंता केंद्र आहे, आपल्याकडच्या लोकांना दरवेळी इगतपुरी गाठायची गरज नाही.

घरचं वर्ष कसं गेलं तर सकाळची वेळ जमली, साडेचार ते साडेपाच, स्वयंपाकघरात. नळ येतो त्या दिवशी मोडायची. संध्याकाळचं अवघड, शाळेतून आलं की भाकरी, पोराचा अभ्यास. एकदा मी चिडून बसले होते तर हे म्हणाले, "सातची भाकरी आठला झाली तर काय होतंय, बस तू." तेव्हापासून जमायला लागलं. कॅलेंडरवर खूण करायचे, पहिल्या महिन्यात १९ संध्याकाळी चुकल्या. पुढच्या महिन्यात ११. धार आली का नाही ते लिहायचं नाही, फक्त बसले का नाही एवढंच.

मार्गदर्शक कोणाला मानायचं यावर माझं ठाम मत आहे. जो तुम्हाला "किती कोर्स झाले" विचारतो त्याच्यापेक्षा जो "आज सकाळी बसलात का" विचारतो त्याचं ऐका. सात दिवसांत समाधी, एकवीस दिवसांत अमुक जागृत, असले व्हिडिओ बघून दोन-तीन पद्धती एकत्र करू नका, श्वास इकडचा, मंत्र तिकडचा, मग गोंधळ होतो तेव्हा कोणत्या टीचरला विचारणार? आणि घरदार असलेल्यानं हे होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, याच परंपरेतले सया तेजी हे शेतकरी होते, घरात कॉलऱ्यानं माणसं गेली त्यानंतर ते या वाटेला लागले, आणि ही विपश्यना आपल्याला शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल, म्हणजे ऑफिस सांभाळून शिकवणारे.

आपल्या विहारांमध्ये अजून एक वाद चालतो. वर्षावासात (पावसाळ्याच्या तीन महिन्यांत) ग्रंथवाचनाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, ध्यान म्हणजे पळवाट, चळवळ करा. दुसरे म्हणतात चळवळ सोडा, डोळे मिटा. मला दोन्ही पटत नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आहे, त्यात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी आहेच, आणि सम्यक वाणी अन् सम्यक आजीविका पण आहे. श्रामणेर शिबिर (थोडे दिवस भिक्खूसारखं राहणं) जमलं तर जरूर करा, चीवर, दहा शील, भिक्षा यानं माणूस वाकायला शिकतो. फक्त ते विपश्यनेच्या कोर्सची बदली नाही, दोन्ही आपापल्या जागी.

एक गोष्ट यात चालढकल करू नका. डिप्रेशनची, झोपेची, फिटची कसलीही गोळी चालू असेल तर फॉर्ममध्ये पूर्ण लिहा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. गंभीर मानसिक आजार असेल तर हा कोर्स करू नका असं ते स्वतःच सांगतात. आणि कोर्समध्ये दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, मन भरकटायलंय असं वाटलं तर सहन करत बसू नका, त्याच दिवशी टीचरला सांगा. सांगणं म्हणजे कमजोरी नाही.

बाकी किरकोळ. दहा दिवसांचा कोर्स म्हणजे बारा दिवस धरा, अकराव्या दिवशी सकाळी सुटतो, परतीचं रिझर्वेशन त्या हिशोबानं करा, आपल्याकडं मनमाडवरून यायचं म्हणजे मेमध्ये तिकिटाचे हाल असतात. जुन्या साधकांना बारानंतर जेवण नाही, पाचला लिंबूपाणी, त्याची घरीच थोडी सवय करा. सरकारी नोकरीत असाल तर विपश्यनेच्या रजेचा जीआर आहे, ऑफिसात तो दाखवून अर्ज वेळेत द्या.

शेवटी सतिपट्ठान झालं माझं, फॉर्म मागं घेतल्यावर दीड वर्षानं. वेळापत्रक तेच, रोज संध्याकाळी महासतिपट्ठान सुत्त समजावतात. पूर्ण कोर्सभर गुडघा दुखला. धार एकदाही नाही. सहाव्या दिवशी गुडघ्यावर आले आणि पहिल्यांदा पुढं पळावं वाटलं नाही, दुखतंय, वाढतंय, कमी व्हायलंय, एवढंच. डोळे उघडले तेव्हा घंटा झालेली होती.

वीस दिवसांच्या फॉर्मसाठी परवा हिशोब केला. कोर्स बसतात, सेवा झाली. पण मार्च-एप्रिलमध्ये सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा सव्वा महिना संध्याकाळचं बसणं राहिलं, म्हणजे दोन वर्षं सलग होत नाहीत. फॉर्म भरला नाही. आज संध्याकाळी बसायचंय, भाकऱ्या आठला.