अमेरिकेच्या युद्धाची बातमी कोल्हापुरात बसून कशी तपासायची

आखातात ठिणगी पडली की झळ इथपर्यंत येते. शिरोलीच्या फाउंड्रीत निर्यातीची ऑर्डर अडकते, हुपरीत चांदीचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो आणि दुबईला गेलेल्या पोराची आई फोन हातातून खाली ठेवत नाही. अशा वेळी तालमीच्या ग्रुपवर मेसेज फिरतो, 'अमेरिकन संसदेने युद्ध थांबवले.' त्यात खरं किती, हे अर्ध्या तासात बघता येतं. त्यासाठी एक शंभरपानी वही, एक पेन, एक पेन्सिल आणि मोबाईल पुरे. इंग्रजी जेमतेम वाचता आलं तरी भागतं.

सुरुवात घड्याळापासून करा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत वॉशिंग्टन आपल्या साडेनऊ तास मागे असतं, एरवी साडेदहा तास. उन्हाळ्यात तिथे मंगळवारी संध्याकाळी सातला मतदान झालं, तर इथे बुधवारी पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. तोवर पेपर छापून झालेला असतो. बातमी गुरुवारी येते आणि तिच्यात 'काल' लिहिलेलं असतं. एकाच मतदानाच्या तीन तारखा फिरतात आणि लोकांना वाटतं, तीन वेळा मतदान झालं. म्हणून वहीत तारीख लिहायची ती वॉशिंग्टनची, शेजारी कंसात आपली.

मग बघा, कुणी काही बोललं आहे की काही केलं आहे. भाषण, मुलाखत, सोशल मीडियावरची पोस्ट हे सगळं बोलणं. ठराव, विधेयक, मतदान, सही हे करणं. बोलणं वहीच्या डाव्या पानावर, करणं उजव्या. पहिल्याच आठवड्यात दिसेल की डावं पान भरून वाहतंय आणि उजव्या पानावर दोन-तीनच ओळी आहेत.

उजव्या पानासाठी काँग्रेस डॉट गव्ह ही त्यांच्या संसदेची साइट उघडा. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. ठरावाच्या नंबराआधीची अक्षरं नीट वाचा, सगळी मेख तिथे आहे. 'एस' म्हणजे सिनेट, 'एच' म्हणजे प्रतिनिधीगृह. पुढे नुसतं 'रेस' असेल तर तो एकाच सभागृहाचा ठराव, भावना व्यक्त करण्यापुरता. 'कॉन रेस' असेल तर दोन्ही सभागृहांचा, पण राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जात नाही. १९८३ च्या चढ्ढा खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अशा ठरावाने राष्ट्राध्यक्षांना बांधता येतं का, हा वादच आहे. 'जे रेस' असेल तरच तो कायद्याच्या वाटेवरचा कागद.

त्या वाटेवर कागद कुठे अडतो हे एका उदाहरणात पाहा. इराणविरुद्धच्या कारवाईला लगाम घालणारा 'एस जे रेस ६८' सिनेटने १३ फेब्रुवारी २०२० ला ५५ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर केला. बातमी जगभर गेली. प्रतिनिधीगृहाने तो ११ मार्चला २२७ विरुद्ध १८६ ने मंजूर केला. ६ मे रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, वापरला. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये व्हेटो मोडण्याच्या बाजूने ४९ आणि विरोधात ४४ मतं पडली. बहुमत होतं, पण लागतं दोन-तृतीयांश, म्हणजे त्या दिवशी ६२. ठराव संपला. फेब्रुवारीतच 'थांबवले' म्हणणारा मेसेज चार टप्प्यांतला पहिलाच टप्पा बघून लिहिलेला असणार. साइटवर ठरावाच्या पानावर 'ॲक्शन्स' नावाचा भाग असतो. त्यात सगळ्यात वरची, म्हणजे ताजी ओळ उतरवून घ्या.

आता साठ दिवसांचा हिशेब. १९७३ चा युद्धाधिकार कायदा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा व्हेटो मोडून झाला. सैन्य लढाईत उतरवल्यावर राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत संसदेला लेखी कळवायचं आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत थांबायचं, सैन्य सुखरूप काढायला आणखी ३० दिवस. दिवस मोजायचे ते ते पत्र दिल्यापासून, किंवा ज्या दिवशी द्यायला हवं होतं तिथपासून. पहिल्या बॉम्बपासून मोजलं की गणित दोन दिवसांपर्यंत चुकतं. मात्र एकसष्टाव्या दिवशी युद्ध आपोआप थांबेल असं कुणाला सांगू नका. २०११ मध्ये लिबियात मुदत उलटली, तेव्हा ओबामा सरकारने म्हटलं की या कारवाईला कायद्यातला 'लढाई' हा शब्द लागूच होत नाही. मोहीम चालू राहिली.

संसदेने आधी कधी दिलेली युद्धाची परवानगीही शोधा. २००१ च्या हल्ल्यानंतरची परवानगी प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ ने मंजूर झाली. विरोधातलं ते एक मत बार्बरा ली यांचं. त्या मजकुरात एकाही देशाचं नाव नाही, म्हणून तो पुढे कितीतरी देशांत ताणता आला.

पेन्सिल कशासाठी, तर पहिल्या तीन दिवसांतल्या सरकारी दाव्यांसाठी. ४ ऑगस्ट १९६४ चा व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातला अमेरिकन जहाजांवरचा हल्ला झालाच नव्हता, पण ७ तारखेला त्याच्या आधारावर युद्धाचा ठराव झाला, प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य. ५ फेब्रुवारी २००३ ला तेव्हाचे अमेरिकन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकच्या संहारक शस्त्रसाठ्यांचे पुरावे मांडले. ते साठे सापडले नाहीत. पण म्हणून सगळंच खोटं मानू नका. हे दोन्ही दावे उघडे पडले ते बऱ्याच अंशी त्यांच्याच सरकारच्या कागदांतून आणि चौकश्यांतून. खोडता यावं म्हणून पेन्सिल, आणि खात्री झाली की वरून पेन.

'अमेरिकन जनतेचा सरकारवर विश्वास उरला नाही' अशी बातमी आली तर टक्क्याआधी प्रश्न वाचा. १९५८ पासून विचारला जाणारा प्रश्न असा आहे: वॉशिंग्टनमधलं सरकार योग्य तेच करेल असा भरवसा तुम्हाला किती वेळा वाटतो? 'जवळपास नेहमी' आणि 'बहुतेक वेळा' म्हणणारे १९६४ मध्ये ७७ टक्के होते, २०२३ मध्ये १६. 'राष्ट्राध्यक्षांचं काम आवडतं का' हा वेगळा प्रश्न, त्याचा आकडा इथे जोडू नका. शिवाय ज्याचा पक्ष सत्तेत, त्याचा भरवसा वाढतो. निवडणुकीनंतरची उडी देशाची नसून बऱ्याचदा पक्षांच्या अदलाबदलीची असते. हजार लोकांच्या पाहणीत तीन टक्के इकडे-तिकडे धरायचेच, त्यामुळे ४८ आणि ४६ ही बरोबरी समजा.

आणखी एक ध्यानात ठेवा. तिथे सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत, सैनिकांच्या गावात, युद्धाची बातमी ज्या कानांनी ऐकतात, तशी तिथली बहुतेक घरं ऐकत नाहीत. मुलगा सीमेवर नसतानाही माणूस 'पाठिंबा' म्हणू शकतो.

व्हिडिओ आला तर एक फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुन्या युद्धातली किंवा चक्क व्हिडिओ गेममधली दृश्यं फार फिरतात.

शेवटी ग्रुपवर उत्तर टाकताना चारच गोष्टी लिहा: काय झालं, कधी, किती मतांनी, काय बाकी आहे. वरच्याच उदाहरणात १४ फेब्रुवारीला टाकायचा मेसेज असा झाला असता: 'सिनेटने १३ फेब्रुवारीला (वॉशिंग्टनची तारीख) ५५-४५ ने ठराव मंजूर केला. प्रतिनिधीगृह बाकी. त्यानंतर सही किंवा व्हेटो. युद्धाधिकारात आज काही बदल नाही.'